परतूरकर मॅडमनी न केलेली सही

डॉ. शालिनी परतूरकर यांची शोकसभा गेल्या महिन्यात जालन्यात झाली. सात जण बोलले. त्या सातांपैकी एकानेही मॅडमना शस्त्रक्रियागृहात काम करताना पाहिलेले नव्हते, ही गोष्ट मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. एका वक्त्याने त्यांना वात्सल्यमूर्ती ठरवले. दुसऱ्याने सांगितले की एका निवासी डॉक्टरचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्यांनी काही काळ अडवले खरे, परंतु अखेरीस आईच्या मायेने त्यावर सही केली. माझ्या शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ स्वतःला त्या प्रकरणाचे जाणकार समजतात. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले की त्या डॉक्टरच्या हातून टेबलावर रुग्ण दगावला होता आणि ते दाबण्यात आले. मी हात वर केला. सूत्रसंचालक म्हणाले, "सर, वेळेचं बंधन आहे." वात्सल्यावर पाऊण तास खर्च करताना ते बंधन कोणाला आठवले नव्हते. जे तिथे बोलू दिले गेले नाही ते इथे लिहितो.

मॅडम वात्सल्यमूर्ती नव्हत्या. त्यांनी सही केली नाही. आणि कोणीही मेले नाही. ही तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत जड जाते, कारण कोणी मेले नसेल तर एवढे सगळे झाले कशासाठी, याचे उत्तर त्यांना सापडत नाही.

मला बोलण्याचा अधिकार काय, असे विचारणारेही आहेत. मी त्या रुग्णालयात सव्वीस वर्षे शल्यचिकित्सक होतो आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे माझ्या रुग्णांना भूल देण्याचे काम मॅडमनी केले. सर्जन टेबलाच्या मध्यावर उभा असतो, भूलतज्ज्ञ रुग्णाच्या डोक्याशी. दोघांमध्ये एक हिरवे कापड आडवे टांगलेले असते. त्या कापडापलीकडच्या बाईंशी मी एकोणीस वर्षे भांडलो. इतकी वर्षे भांडलेल्या माणसाला समोरच्याची जेवढी माहिती असते तेवढी हार घालणाऱ्याला नसते.

मॅडम अंबडला राहत आणि सकाळच्या पहिल्या एसटीने जालन्याला येत. रुग्णालयाने गाडी देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. साधी राहणी, असे सभेत कोणी म्हणाले. साफ चूक. गाडी आली की ड्रायव्हर येतो, ड्रायव्हर आला की त्याच्या रजा येतात, आणि आठ वाजता टेबलावर घ्यायच्या रुग्णाने कोणाच्या ड्रायव्हरच्या तब्येतीवर का अवलंबून राहावे, असा त्यांचा हिशेब होता. आल्या की पहिल्यांदा भूल देण्याचे यंत्र स्वतः तपासत. सिलिंडरची किल्ली फिरवून कान जवळ नेत आणि ऐकत. तोंडात लवंग असे. का, हे मी एकदा विचारले. म्हणाल्या, "झोपण्याआधी पेशंटला शेवटचा चेहरा माझा दिसतो. तो काही मला बदलता येत नाही. वास तरी बरा असावा." मॉनिटर समोर चालू असतानाही त्यांच्या डाव्या हाताचे बोट रुग्णाच्या कानापुढच्या नाडीवर टेकलेले असे. निवासी डॉक्टरांना त्या 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' म्हणत. आम्ही बाकीचे त्यांना 'अरे' म्हणत असू. पोरे आमच्याशी मोकळी असत आणि मॅडमसमोर ताठ उभी राहत.

आमचे भांडण कशावरून होई याचा एकच नमुना देतो. परतूरकडचा एक म्हातारा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलापर्यंत आला होता. मी हात धुऊन तयार. मॅडमनी त्याचा हात हातात घेतला.

"बाबा, सकाळपासून काय खाल्लं?"

"काई न्हाई. बिलकुल न्हाई."

"चहा?"

"चहा काय खाणं हाय का मॅडम?"

"चहाबरोबर काय होतं?"

म्हातारा छताकडे पाहू लागला. मॅडम बाहेर गेल्या, दाराशी बसलेल्या त्याच्या बायकोला त्यांनी विचारले. ती म्हणाली, "चहात बुडवून खायला दोन बटर दिल्ते. उपाशीपोटी चिरफाड कशी सोसंल मान्साला?"

मॅडमनी केस पुढे ढकलली. मी भडकलो. दोन बटरांसाठी माझा सकाळचा वेळ वाया घालवता का, असे मी सर्वांसमोर विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या बाजूला ते बटर पोटात आहेत. झोपवल्यावर माझ्या बाजूला ते फुप्फुसात येतात." आणि म्हातारीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत. उद्या पहिला नंबर यांचा." मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे.

आता मूळ विषयाकडे येतो, आणि ज्यांना आमच्या व्यवसायाची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये अधिक लिहितो. एमबीबीएस झालेला डॉक्टर भूलतज्ज्ञ होण्यासाठी तीन वर्षे निवासी म्हणून रुग्णालयात राबतो. तीन वर्षांच्या शेवटी त्याचा मार्गदर्शक लिहून देतो की याचे प्रशिक्षण पूर्ण झाले. त्या सहीवाचून अंतिम परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा झाल्यावाचून वैद्यक परिषदेकडे तज्ज्ञ म्हणून नोंद होत नाही. आणि नोंद नसेल तर स्वतःच्या जबाबदारीवर कोणाला झोपवण्याचा हक्क मिळत नाही. सगळी साखळी एका सहीला टांगलेली असते. बहुतेक मार्गदर्शक ती सही कपाळावर आठी न आणता करतात. मीही केल्या आहेत.

डॉ. अमोल गाढे हा मॅडमचा शेवटचा निवासी डॉक्टर. वडीगोद्रीचा. वडिलांचे, भगवानरावांचे, हमरस्त्यावर बी-बियाण्यांचे दुकान. त्या घरातला हा पहिला डॉक्टर. हात अत्यंत सफाईदार. पाठीच्या मणक्यात सुई घालताना इतरांना दोन-तीनदा चाचपावे लागे, याची पहिल्या प्रयत्नात बसे. वडीगोद्रीला छोटे शस्त्रक्रियागृह बांधायचे, शेजारच्या गावची एक स्त्रीरोगतज्ज्ञ यायला तयार होती, अडत होते ते भूलतज्ज्ञावाचून. त्या पट्ट्यातल्या अडलेल्या बाईला सिझेरियनसाठी जालन्यापर्यंत आणावे लागे. अमोल पास होण्याची वाट एक सबंध परिसर पाहत होता, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

मार्च महिना होता. मॅडम महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. त्या सकाळी टेबलावर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधला कामगार होता, हर्नियासाठी. अमोलने पाठीतून भूल दिली, माणूस जागा, कमरेखाली बधिर. मॅडम शेजारच्या थिएटरमध्ये होत्या. वीस मिनिटांनी त्या आत आल्या, अमोलच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्याच्यासमोरचा चार्ट पाहू लागल्या.

भूल दिल्यापासून दर पाच मिनिटांनी रुग्णाची नाडी आणि रक्तदाब चार्टवर मांडायचा असतो. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "डॉक्टर, किती वाजले?"

"अकरा चाळीस, मॅडम."

"तुमच्या चार्टवर बारा वाजलेत."

अमोलने पुढच्या वीस मिनिटांचे आकडे आधीच लिहून ठेवले होते. एकशेवीस-ऐंशी, नाडी शहात्तर. एकशेवीस-ऐंशी, नाडी शहात्तर. निवासी पोरांमध्ये याला 'रूळ टाकणे' म्हणत, कारण मांडलेले ठिपके जोडले की रेल्वेच्या रुळांसारख्या दोन सरळ रेघा दिसतात. पुढची केस तयार करायला तेवढीच सवड मिळते. ही चाल सगळ्यांना माहीत होती. मलाही होती. सर्जन चार्ट वाचत नाही. मीही वाचत नसे.

मॅडम त्याच्या मागे उभ्याच राहिल्या. मी माझे काम करत होतो. हर्नियाची पिशवी मोकळी करून ओढली. तसे केल्यावर कधी कधी नाडी एकदम मंदावते. कापडापलीकडून रुग्णाचा आवाज आला, "मॅडम, गरगरून राह्यलं."

"हात सोडा, डॉक्टर," मॅडम मला म्हणाल्या. मी सोडला. नाडी चाळिशीच्या खाली गेली होती, रक्तदाब सत्तरवर. मॉनिटर वाजला की नाही हे मला सांगता येणार नाही. काम करताना ते आवाज मला ऐकू येत नसत. औषध अमोलनेच दिले, तत्काळ दिले, योग्य मात्रेत दिले. दोन मिनिटांत रुग्णाच्या तोंडावर रंग आला. तो म्हणाला, "आता बराबर हाय," आणि मिलमधल्या मुकादमाने किती दिवसांची सुट्टी द्यायला पाहिजे यावर मॅडमशी वाद घालू लागला. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला आणि महिन्या-दीड महिन्यात मोटारसायकलवरून कामावर रुजू झाला. हाच तो दगावलेला रुग्ण.

केस संपल्यावर मॅडमनी चार्ट अमोलपुढे धरला. "अकरा पन्नास. या कागदावर हा माणूस ठणठणीत आहे."

अमोलने खोडण्यासाठी पेन उचलले.

"खोडायचं नाही. ते राहू द्या. शेजारी खरं लिहा, आणि लिहिल्याची वेळ घाला."

पुढचे तीन दिवस त्या रेकॉर्ड रूममध्ये बसल्या. चौथ्या दिवशी माझ्या खोलीत आल्या, हातात कागदांचा गठ्ठा. मी तेव्हा प्रशिक्षण समितीचा अध्यक्ष होतो. त्यांनी चार्ट टेबलावर एकापुढे एक मांडले. सगळे अमोलचे, तीन वर्षांतले. कितीतरी कागदांवर दोन सरळ रेघा.

"यातलं मला काय कळतं?" मी म्हणालो.

"सरळ रेघ कळते ना? जिवंत माणसाचा रक्तदाब असा चालतो का?"

"सगळेच करतात हे, मॅडम."

"करत असतील. खाली बघा."

प्रत्येक कागदाच्या तळाशी मॅडमची सही होती. त्यांनी त्या सहीवर बोट ठेवले. "मी वाचून केली की न वाचता, हे मला आता आठवत नाही." आणि समितीच्या नावे लिहिलेले पत्र त्यांनी माझ्यापुढे सरकवले. त्यात दोन गोष्टी होत्या. डॉ. गाढे यांचे प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढवावे, ही दुसरी. पहिली अशी, की आपण तीन वर्षे चार्टवर पडताळणी न करता सह्या केल्या, याची समितीने नोंद घ्यावी.

मॅडमना गर्व होता, त्यांनी सूड घेतला, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचलेले नाही. वाचणार कुठून, ते मी समितीपुढे ठेवलेच नाही. ठेवले असते तर आमच्या प्रशिक्षण केंद्राची मान्यताच तपासणीखाली आली असती, असा विचार मी केला आणि पत्र टेबलाच्या खणात टाकले. माझ्या या वागण्याचे समर्थन मी करत नाही. परंतु त्या मौनातून पुढच्या सगळ्या अफवा उगवल्या, एवढे मान्य करतो. लोकांना मॅडमचा नकार दिसला, त्यांचे स्वतःवरचे आरोपपत्र दिसले नाही.

मग दडपण सुरू झाले. विश्वस्तांनी बोलावले. जिल्ह्यातल्या एका वजनदार गृहस्थाचा फोन आला. मॅडम प्रत्येकाला एकच वाक्य सांगत: "मला अजून तसं लिहून देता येत नाही." अमोल त्यांना नमस्कार करेनासा झाला. समोरून आल्या की तो जिन्याकडे वळे. मॅडम त्याच्या प्रत्येक केसला मागे येऊन उभ्या राहत. त्या थिएटरमधली शांतता अशी होती की सिस्टरच्या हातून चिमटा ट्रेमध्ये पडला तरी सगळे दचकत.

एक दिवस भगवानराव आले. मोसंबीची पाटी घेऊन, तीन बोटांचा गंध, धुतलेले धोतर. मी मॅडमच्या खोलीतच होतो. उठू लागलो तर मॅडमनी बसण्याची खूण केली.

"मॅडम, तुमच्या एका सहीसाठी समदं अडून राह्यलं. माझ्या पोरानं कोणाला मारलं का?"

"नाही."

"कोणाचं वाईट झालं का?"

"नाही."

"त्याच्या हातात कला न्हाई का?"

"माझ्यापेक्षा चांगला हात आहे त्यांचा."

"मंग?"

"भगवानराव, तुमच्या दुकानातल्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा आकडा छापलेला असतो. शंभरातले किती दाणे उगवणार तो."

"असतो की."

"बी न तपासता कोणी नुसताच आकडा छापला, आणि नशिबानं पीक उगवलंही. ती पिशवी तुम्ही पुढच्या वर्षी विकाल?"

भगवानरावांनी पाटीतली मोसंबी सारखी केली. मग म्हणाले, "मी न्हाई विकली कधी तसली. पण विकणाऱ्यांनी बंगले बांधले, मॅडम."

मॅडम हसल्या. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना तेवढेच हसताना पाहिले. भगवानराव उठले, दारापाशी थांबून म्हणाले, "तुमी जाणार ना एकतीसला?" त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, माणूस बसची वेळ विचारतो तसे त्यांनी विचारले होते. कारण सगळ्यांनी अमोलला तोच सल्ला दिला होता. मार्गदर्शक निवृत्त झाल्यास समितीच्या अध्यक्षाची सही चालते, असा नियम होता. अध्यक्ष मी. एकतीस तारीख उलटू द्यायची, बस्स.

आणि मी सही करणार होतो. हे मी लपवत नाही. निरोपसमारंभ झाल्यावर मॅडम किल्ल्या द्यायला माझ्याकडे आल्या तेव्हा मी ते त्यांच्या तोंडावर सांगितले.

"उद्या मी सही करतो आहे. तुमचं तत्त्व मोठं आहे, पण त्या भागातली बाई टेम्पोत घालून जालन्याला आणताना काय होतं, हे तुम्ही पाहिलं आहे. सहा महिने म्हणजे अशा किती बाया, ते मोजा."

मला वाटले त्या भांडतील. त्या खुर्चीवर बसल्या. "मोजते आहे," म्हणाल्या. "तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. तुमचं म्हणणं चूक असतं तर मला झोप लागली असती."

"मग?"

"वडीगोद्रीच्या त्या बाईला तिच्या उशाशी कोण बसलंय हे ठाऊक नसणार. ती विचारणार नाही. तिच्यातर्फे विचारायचं काम आजपर्यंत माझ्याकडे होतं. उद्यापासून तुमच्याकडे." त्यांनी किल्ल्यांशेजारी तो फॉर्म ठेवला. "जागा मोकळी आहे." आणि साडेपाचच्या अंबड गाडीसाठी निघून गेल्या.

एक तारखेला सकाळी अमोल माझ्या खोलीत आला. मी फॉर्म पुढे ओढून पेनाचे टोपण काढले होते.

"सर, या वेळी मी फॉर्म भरत न्हाई. सहा महिने वाढवून द्या."

मी पेन हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिलो. "मॅडम काल गेल्या. आता तुला कोणाची भीती?"

"तीच भीती हाय सर. मॅडम गेल्या." तो उभाच होता. "त्या हर्नियाच्या केसला मॉनिटरचा आवाज मी बंद केल्ता. सारखं वाजून राह्यलं होतं, म्हणून. मॅडम मागं येऊन थांबल्या म्हणून मी स्क्रीनकडं पाह्यलं. त्या दुसऱ्या केसमधून आल्या नसत्या तर मी पाह्यलंच नसतं. हे मी कोणालाच सांगितलं न्हाई. मॅडमला पण न्हाई."

मी पेन खाली ठेवले.

"इथं माझ्या मागं कोणी ना कोणी उभं राहतं. तिथं मी एकटा. मी लिहीन तेच खरं. चुकलं तरी कागदावर बराबरच दिसंल, आणि सगळे मला हार घालतील."

तो गेल्यावर मला विलक्षण राग आला. माझ्या सहीला नकार देणारा तो पहिला माणूस. मॅडमच्या विरोधात मी ज्याच्यासाठी उभा राहिलो त्यानेच माझे पेन परत केले होते. खरे सांगायचे तर तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढच्या रविवारी तो अंबडला गेला आणि आवाज बंद केल्याची गोष्ट त्याने मॅडमना सांगितली. त्या काय म्हणाल्या, हे मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने सांगितले की त्या काही म्हणाल्या नाहीत. आठवड्याचे चार्ट आणलेत का, एवढेच त्यांनी विचारले. तो आणायला विसरला होता. मग सहा महिने दर रविवारी तो रुग्णांची नावे झाकलेल्या चार्टच्या प्रती घेऊन एसटीने अंबडला जात राहिला. मॅडम एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारत, "इथे काय झालं?" त्याने त्या रुग्णाची, त्या मिनिटाची हकीकत सांगायची. आठवत नाही म्हणाला की त्या तो कागद उलटा घालून पुढचा घेत. ना ओरडणे, ना शाबासकी. आमच्याकडे संभाजीनगरहून आलेल्या नव्या भूलतज्ज्ञ मला एकदा म्हणाल्या, "सर, या मुलाचे चार्ट फार वेडेवाकडे असतात." मी म्हणालो, असू द्या.

सहा महिन्यांनी प्रमाणपत्रावर मी सही केली. नियमाप्रमाणे निवृत्त माणसाची सही चालत नव्हती, म्हणून माझी. अमोल पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला, परिषदेकडे नोंद झाली. ते प्रमाणपत्र आज वडीगोद्रीच्या दवाखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेले आहे. भगवानराव येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावरची सही दाखवतात: "या सायबांनी माझ्या पोराला डॉक्टर केलं, न्हाई तर त्या बाईनं..." इथे ते थांबतात आणि मान हलवतात. बियाण्याच्या पिशवीचे बोलणे ते विसरले आहेत, किंवा विसरल्यासारखे करतात. माझ्याविरुद्धच्या खोट्या गोष्टी मी आयुष्यभर खोडत आलो. ही माझ्या बाजूची आहे, म्हणून सोडून देणार नाही. त्या सहीत माझे काहीही नाही. ज्या जागेवर मी सही केली ती जागा दुसऱ्या कोणीतरी मोकळी ठेवली होती.

शेवटची एक दुरुस्ती. वडीगोद्रीच्या शस्त्रक्रियागृहाच्या उद्घाटनाला मॅडमना निमंत्रण होते, पण मनात अढी धरून त्या आल्या नाहीत, असे एका स्थानिक वर्तमानपत्राने छापले आणि शोकसभेतही कोणी ते हळहळून सांगितले. त्या आल्या होत्या. मंडप दर्शनी बाजूला होता, प्रमुख पाहुणे उशिरा येत होते, ध्वनिक्षेपकावर भगवानराव स्वतः सगळ्यांना सरबत घेण्याची विनंती करत होते. अमोल दिसेना, म्हणून त्याला शोधायला मी आत गेलो. थिएटरच्या दाराला वर गोल काच आहे. मी तिच्यातून पाहिले.

मॅडम नव्या टेबलावर उताण्या झोपल्या होत्या. चपला खाली जुळवून ठेवलेल्या, निऱ्या घोट्यापर्यंत नीट ओढलेल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. वरचा मोठा दिवा लावलेला होता आणि त्याचा सगळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता. सिलिंडर उघडलेला असावा. मुखवट्यावर श्वासाची वाफ येत होती आणि जात होती. दुसरे कोणीही आत नव्हते. अमोल त्यांच्या डोक्याशी उभा होता, समारंभाच्या नव्या सदऱ्यात, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. मॅडमनी मुखवटा किंचित उचलला.

"बोला डॉक्टर. पेशंट घाबरलाय."

मग तो वाकला, आणि आमच्या रुग्णालयात साडेतीन वर्षांत मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "मी इथंच हाय. तुम्ही जाग्या होईपर्यंत कुठंच जाणार न्हाई."

मॅडमनी मुखवटा पुन्हा नीट बसवून घेतला. दोन्ही हात अंगालगत सरळ ठेवले. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही, म्हणून ते दृश्य जसे होते तसे लिहून ठेवतो. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या येऊन लागल्याचा आवाज झाला, माणसे धावली, माझ्या नावाने कोणी हाक मारली. आत त्या उजेडाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले.